दोन खाटांची खोली

॥ श्रीदत्त ॥

गुलबर्गा
ता. ६ सप्टेंबर १९८३

सौ. पार्वतीवन्सं यांना सुभद्रावहिनीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. श्रीपतरावांच्या गुडघ्याला तेल मानवलं हे वाचून बरं वाटलं. आम्ही दोघं इथं खुशाल आहोत, काळजी नसावी. हा वृद्धाश्रम गावाबाहेर असल्यामुळे हवा चांगली आहे. जेवणात दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी मिळते, पण करणारी बाई घाईची आहे, कडा कच्च्या ठेवते. मी एकदा म्हटलं, चुलीपाशी येऊन दाखवू का? तर जगदेवप्पा, म्हणजे इथले व्यवस्थापक, हात जोडून म्हणाले, "अक्का, जल्मभर केलासा की. आता बसून खावा." माणूस गोड आहे. घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

इथला नियम तुम्हाला ठाऊक आहेच. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मध्ये अंगण. नवरा-बायको असले तरी हेच. जोडप्यासाठी म्हणून दोन खाटांची एकच खोली आहे, ती बिदरच्या कुणा मास्तरांकडे आहे. दिवसा मात्र व्हरांड्यात भेटायला मुभा आहे. तुमचे दादा येतात, बाकावर बसतात, पेपर वाचतात. माझ्याशी फार बोलत नाहीत. गाणगापुरात तरी कुठे बोलत होते? आपल्या लॉजवर येणाऱ्या यात्रेकरूंशी बोलण्यातच त्यांचं सगळं बोलणं संपायचं.

त्यांची तब्येत बरी आहे, फक्त झोप नाही. त्यांच्या खोलीत एकजण खोकतो आणि अफजलपूरकडचे एक म्हातारे झोपेत बैलांना हाका मारतात. दादा म्हणतात, बैल तरी येऊन उभे राहावेत, म्हणजे त्यांना गप्प बसता येईल.

मलाही झोप नाही, हे काय वेगळं सांगायचं. परक्या जागी, परक्या बायकांत, आणि ते अंगणापलीकडे असताना डोळा कसा लागावा? इथं रविवारी डॉक्टर येतात. त्यांनीही विचारलं, झोप कशी आहे आजी. मी सांगितलं, नाही म्हणून. त्यांनी गोळी दिली आहे. परवा मात्र सकाळच्या चहाची घंटाच मला ऐकू आली नाही. शेजारच्या खाटेवरची गुरुबाई मला हलवायला आली तेव्हा चहा निवला होता. कान जड झाले असावेत.

उदगीरला येऊन राहा असं तुम्ही पुन्हा लिहिलंत. वन्सं, तुमच्या मायेला तोड नाही. पण दादांचं तुम्हाला माहीत आहे. बहिणीच्या सासरी भावाने दिवाळीला जावं, मुक्कामाला नाही, असं त्यांचं पक्कं आहे. पोटी मूल नाही आणि पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून लॉज सोडलं. त्यापुढे माझं काही चाललं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

श्रीपतरावांना नमस्कार.

तुमची वहिनी,
सुभद्रा

&nbsp;

॥ श्रीदत्त ॥

गुलबर्गा
ता. २९ सप्टेंबर १९८३

सौ. वन्संना सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मध्ये दोन दिवस हात दुखत होता. म्हणजे तसा फार नाही.

तुम्ही आमच्यासाठी केवढी धडपड केलीत. बिदरचे मास्तर आणि त्यांची बायको मुलीकडे हैदराबादला कायमचे गेले, हे आम्हाला इथं कळायच्या आत तुम्हाला उदगीरला कळलं. आश्रमाच्या विश्वस्तांपैकी कुणी श्रीपतरावांच्या ओळखीचे निघाले, त्यांना तुम्ही पत्र घातलंत, आणि खोली आमच्या नावे झालीसुद्धा. जगदेवप्पांनी मला चहाच्या वेळी सगळ्यांदेखत सांगितलं. म्हणाले, "अक्का, डॉक्टर बी म्हणायलेत, म्हातारीला गोळी लागू पडंना. तिचं दुखणं गोळीचं न्हाई, नवऱ्यापासून लांब ठेवल्याचं हाय." सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या, पण चांगलं हसल्या. गुरुबाईने तर माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

तुमचे उपकार कसे फेडू? खोली मी पाहून आले. चांगली आहे. भिंतीला थोडी ओल आहे आणि खिडकी पश्चिमेला असल्यामुळे दुपारी ऊन येत असावं. दादांना उन्हाचा त्रास होतो. आणि संडास तिथून लांब पडतो. अर्थात ही काही मोठी अडचण नाही.

दुसरं म्हणजे सध्या पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत नव्या जागेत पाऊल कसं टाकायचं, असं मीच जगदेवप्पांना म्हटलं. त्यांच्यात हे फारसं मानत नाहीत, पण माझ्यासाठी थांबतो म्हणाले. दसऱ्याला खोली उघडू म्हणतात. दसऱ्याला मला काही म्हणता येणार नाही, तो मुहूर्तच आहे.

कधी मनात येतं, त्या खोलीची गरज आमच्यापेक्षा कुणाला जास्त असेल. आणखी एक जोडपं आठवड्यापूर्वी आलं आहे, औरादकडचं. त्यातल्या बाईला दिसत नाही. तुम्ही विश्वस्तांना तसं सुचवून पाहिलंत तर? मी आपली विचारते. तुमच्या शब्दाला मान आहे.

दादांचं म्हणाल तर ते वाळले आहेत. डोळ्यांखाली काळं आलं आहे. दाढीही रोजच्या रोज करत नाहीत. खोलीचं कळल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "तुला पायजे का खोली?" मी म्हटलं, "न पाहिजे असायला काय झालं?" त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पेपर उघडला.

तुम्ही दिवाळीला इकडे यायचं ठरवलं आहे, फार आनंद झाला. भाऊबीज आश्रमात करायची वेळ आली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जगदेवप्पा पाट देतील.

तुमची,
सुभद्रा

&nbsp;

गुलबर्गा
ता. २५ ऑक्टोबर १९८३

पार्वतीवन्सं,

वर देवाचं नाव घालायला हात धजावला नाही. हे पत्र तुम्ही एकट्याच वाचा. श्रीपतरावांना वाचून दाखवू नका, आणि वाचल्यावर माझ्याशी बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण दादांना मात्र लगेच पत्र टाका. ते पत्र मिळावं म्हणूनच हे लिहिते आहे.

तुमचं दादांना आलेलं पत्र मी वाचलं. त्यांनी दाखवलं नाही, बाकावर ठेवून ते तोंड धुवायला गेले तेव्हा मी उचललं. तुम्ही लिहिलं आहे, जिने तुझ्या लॉजपायी हाडं झिजवली तिला तू चारचौघांत नको म्हणालास, अशा भावाला मी ओवाळणार नाही, यंदा भाऊबीजेला माझी वाट पाहू नको. तुम्हाला जे कळलं त्यावरून तुम्ही बरोबरच लिहिलंत. तुमच्या जागी मी असते तर याहून कडक लिहिलं असतं.

दसऱ्याचं तुम्हाला जगदेवप्पांनी कळवलं, तसंच ते झालं. त्यांनी खोली झाडून घेतली होती, दाराला झेंडूचं तोरण होतं, दोन्ही खाटा जवळजवळ लावल्या होत्या. सगळ्यांनी एकमेकांना बन्नीची पानं दिली. आपल्याकडे आपटा, तशी इकडे बन्नी. जगदेवप्पा प्रत्येकाला म्हणत होते, बंगारासारखं राहू या, म्हणजे सोन्यासारखं. मग त्यांनी आमच्या दोघांचे हात धरून दारापाशी आणलं. आणि दादा सगळ्यांदेखत म्हणाले, "मला न्हाई जमायचं. मी तिकडंच बरा हाय. म्हातारपणी हिची कटकट कोण ऐकत बसंल?"

मी रडायला लागले. गुरुबाईने मला पोटाशी धरलं, बायका दादांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. ते अंगण ओलांडून निघून गेले. त्यांना चालताना खाली बघावं लागतं, त्यामुळे ते मान खाली घालून गेले असंच सगळ्यांना वाटलं असेल. खोली संध्याकाळी औरादच्या जोडप्याला दिली.

वन्सं, मी सुटले म्हणून रडले.

आता सगळं सांगते. मला इथं झोप लागते. आल्या दिवसापासून लागते. उशीवर डोकं टेकलं की मी जाते ती सकाळी गुरुबाईने हलवेपर्यंत. कान जड झालेले नाहीत. दुपारी जेवण झालं की पुन्हा झोपते. बाजूला कुणी खोकलं, कुणी भजन म्हटलं, दिवा जळत राहिला, मला काही कळत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या मी पदराला बांधून आणायची आणि मागच्या गटारात टाकायची.

मग तुम्ही विचाराल, झोप नाही असं का सांगितलंस? त्याचं उत्तर तुम्हाला हसण्यासारखं वाटेल. सकाळी चहाला बसलं की इथं झोपेचीच बोलणी. एक म्हणते, नातवाची आठवण आली, पहाटेपर्यंत जागी होते. दुसरी म्हणते, मी तर अंथरुणाला पाठ लावली नाही. गुरुबाई रोज म्हणते, "डोळ्याला डोळा लागला न्हाई गं अक्का, घरचा उंबराच दिसायलाय." जिला झोप येत नाही ती चांगल्या घरची, तिचं कुणीतरी आहे, तिचा जीव कुठेतरी अडकला आहे. जी गाढ झोपते तिला कसलं घर आणि कसला संसार? पहिल्याच दिवशी माझी पाळी आली तेव्हा माझ्याही तोंडून निघून गेलं, मलाही नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, मला आपल्यात घेतलं. एकदा सांगितल्यावर डॉक्टरांना वेगळं कसं सांगणार? आणि त्यांना सांगितल्यावर तुम्हाला? असं करत करत त्या खोटेपणाने दोन खाटांची खोली आणून माझ्यापुढे उभी केली.

आणि मला ती नको होती.

हे लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. दादा मला कधी टाकून बोलले नाहीत, त्यांनी कधी हात उगारला नाही. मूल झालं नाही तेव्हा तुमच्या आईंनी दुसरी करायचं काढलं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, हे तुम्हीच मला माळ्यावर बसून सांगितलं होतं. नवरा वाईट असता तर मला इतकी लाज वाटली नसती. वाईट माणसापासून लांब झोपायला कारण असतं. माझ्याकडे कारण नाही.

एवढंच आहे की गाणगापुरात मी कधी पुरती झोपलेच नाही. तुम्ही लग्न होऊन गेलात त्यानंतर लॉज वाढलं. सोलापूरची गाडी वेळेवर आली तर आश्चर्य. दार वाजलं की दादा कुशीवरून म्हणायचे, "ऐकलं का?" एवढंच. मी उठायची, कडी काढायची, चटया द्यायची, कुणाच्या लेकराला दूध. जरा पाठ टेकते तोवर संगमावर आंघोळीला जाणारे उठायचे, त्यांना चहा. मग दुपारच्या माधुकरीला दारात येणाऱ्यांसाठी भाकऱ्या. दादाही बसून नव्हते, हिंडत होते, गिऱ्हाईक आणत होते. ते झोपेत "ऐकलं का" म्हणायचे, त्यांना सकाळी आठवतही नसे. पौर्णिमा नसली, लॉज रिकामं असलं, तरी म्हणायचे. मी उठून बघायची, दारात कुणी नसायचं. त्या खोलीत दुसऱ्या खाटेवरून ते पुन्हा म्हणतील आणि मी पुन्हा उठेन, एवढ्याचीच मला धास्ती होती. इतक्या लहान गोष्टीसाठी मी त्यांना अंगणापलीकडे ठेवलं.

तुमचं पत्र वाचलं त्या दुपारी मी झोपले नाही. व्हरांड्यात जाऊन त्यांच्या शेजारी बसले. विचारलं, "सगळ्यांपुढं असं कामून बोललात?"

ते म्हणाले, "तू तर बोलणार नव्हतीस. कुणीतरी बोलायला पायजे होतं."

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. ते बोलतात कसे ते तुम्हाला माहीत आहे, पेपरातून डोळे न काढता. म्हणाले, "मी रोज जेवण झाल्यावर हितं येतो. तुझ्या खोलीचं दार उघडंच असतंय. तू झोपलेली असतीस, तोंड उघडं टाकून, एक पाय खाटंच्या भाईर. पहिल्या दिवशी मला वाटलं, गेली का काय ही. उठून आत यायलोच होतो, तेवढ्यात घोरायलीस. मग बसलो. लगीन झाल्यापासून मी तुला झोपलेली बघितलीच न्हाई. मी निजायच्या आधी जागी, मी उठायच्या आधी उठलेली. मी लोकाला सांगायचो, आमच्या हिला झोप लागतच न्हाई, देवानं घडवलीच तशी हाय. लोकं बी व्हय म्हणायचे."

मी म्हटलं, "मग एवढे दिवस गप्प का राहिलात? जागं करून विचारायचं तरी."

"जागं कामून करू?" एवढंच बोलले.

थोड्या वेळाने मी विचारलं, आणि तुमच्या झोपेचं काय? तर म्हणाले, "ईल तवा ईल. तिकडचा म्हातारा बैल सोडल्याशिवाय न्हाई यायची." हसवायला बोलले, पण पेपराची घडी त्यांना नीट करता आली नाही. मी घडी करून दिली.

मी त्यांना म्हटलं, मी आत्ताच जगदेवप्पांना खरं सांगते, वन्संना लिहिते. त्यांनी मला बजावलं की पार्वतीला काही कळवू नको. म्हणाले, "बहीण माझी हाय, माझ्यावर रागवंल तर रागवू दे. तुझ्यावर रागावली तर तुला दुसरी कोण हाय?" म्हणजे मला झोप मिळावी म्हणून त्यांनी आधी चारचौघांत नाव घालवलं, आता बहीण घालवायला बसले आहेत. मी त्यांचं ऐकलं नाही. नवऱ्याचा शब्द मोडून हे पत्र लिहिते आहे, तेवढा एक मोडलेला बरा.

इथं बायका अजून मला जपतात. वरण वाढताना माझ्या ताटात जास्त पडतं, नवऱ्याने टाकलेली म्हणून. दादा अंगणातून गेले की बोलणं थांबतं. काल मी चहाला सगळ्यांपुढे सांगितलं, त्यांनी मला टाकलं नाही, खोली मलाच नको होती, मला चांगली झोप लागते. गुरुबाई माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली. म्हणाली, "बघा, अजून नवऱ्याचंच झाकायलीय." कुणाला ते खरं वाटलं नाही. म्हणून तरी तुम्हाला ते वाटलं पाहिजे. तुम्ही मला नवी नवरी असल्यापासून ओळखता.

रागवा माझ्यावर. मी तुमच्या भावाला नको म्हटलं, आणि ते माझ्याऐवजी बोलणी खात बसले आहेत. दिवाळीला आलात तर मी तुमच्यासमोर येणार नाही, आत बसेन, तुम्ही दोघं बहीणभाऊ व्हरांड्यात ओवाळून घ्या. मला त्यात कमीपणा नाही. फक्त या. त्यांनी जगदेवप्पांकडे पाटाचं अजून विचारलेलं नाही, आणि ते विचारणार नाहीत, तुमचं पत्र आल्याशिवाय.

आता खरी लाज सांगते आणि थांबते. हे पत्र पाकिटात घालीन, उद्या टपालात टाकायला जगदेवप्पांकडे देईन. दिवा मालवला की तिकडे अंगणापलीकडे तुमचे दादा जागे असतील, मला ते ठाऊक असेल, आणि तरी मला झोप लागेल.

सुभद्रा